मुळ्याला ताटकळत ठेवू नका: पहिल्यांदाच मुळा लावणाऱ्यांसाठी

माझे पहिले मुळे वरून फार देखणे दिसत होते. पाला इतका दाट की कुंडीतली माती दिसेना. चाळिसाव्या दिवशी मोठ्या हौसेने एक उपटला, तर खाली सुतळीएवढं मूळ. दुसरा उपटला, तिसरा उपटला, तिथेही सुतळीच. बी मी कोथिंबिरीसारखं मूठभर विखरून टाकलं होतं आणि उगवलेली इवलीशी रोपं काढून टाकायला हात धजावला नव्हता.

मुळा सोपा असतो असं सगळेच सांगतात. उगवायला तो सोपा आहेच; जुनं बी, जेमतेम माती, थोडं पाणी एवढ्यावरही चौथ्या दिवशी डोकं वर काढतो. पोसायला मात्र तो हट्टी आहे, कारण त्याच्याकडे वेळच नसतो. छोटा गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. टोमॅटोचं रोप आठवडाभर सुकलं, रुसलं, तरी पुढच्या दोन महिन्यांत ते सगळं भरून काढतं. मुळ्याचा एक आठवडा गेला म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाव हिस्सा गेला. त्यातून जमिनीखाली तो जे साठवतो ते आपल्यासाठी नसतं, पुढे फुलं आणि बी धरण्यासाठीची ती शिदोरी असते. वाढ अडली, ऊन फार झालं, पाणी तुटलं की तो कंद पोसायचं सोडून दांडा काढायच्या मागे लागतो, आणि खालचं मूळ तिखट नि दशीदार होतं. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: पेरल्यापासून उपटेपर्यंत त्याची वाढ कुठे अडू नये.

आधी जात ठरवा

बी आणण्यापूर्वी तुमच्याकडे मातीची खोली किती आहे ते पाहा. मुळ्यांचे ढोबळ दोन गट धरले तरी आपलं काम भागतं.

पहिला गट छोट्या, गोल किंवा बोटभर लांबीच्या मुळ्यांचा. लाल गोल चेरी बेल, खाली पांढरं टोक असलेला लांबट फ्रेंच ब्रेकफास्ट ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. यांना १५ सेंटीमीटर खोल माती पुरते, त्यामुळे कुंडी, ट्रे, जुना टब काहीही चालतं.

दुसरा गट लांब पांढऱ्या मुळ्यांचा, त्यात जपानी डायकॉनही आला. यांना ४५ ते ६० दिवस लागतात, काही मोठ्या जातींना त्याहून जास्त. माती निदान ३० सेंटीमीटर, जमल्यास ४५ सेंटीमीटर खोल आणि तळापर्यंत मोकळी हवी.

पहिल्यांदाच लावत असाल तर माझं सरळ मत, छोटा गोल मुळाच घ्या. चूक झाली तर महिनाभरात कळते आणि त्याच हंगामात दुसरा डाव खेळता येतो. लांब मुळ्यात चूक कळेपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो.

केव्हा पेरायचा

महिना पाहू नका, थर्मामीटर पाहा. मुळ्याला दिवसाचं १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान सगळ्यात मानवतं. पंचविशीच्या आसपासही बऱ्याच जाती निभावून नेतात. त्यावर पारा रोजच जायला लागला की तिखटपणा वाढतो, मूळ पोकळ पडतं आणि फुलाचा दांडा लवकर निघतो. त्यामुळे जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे उकाडा संपून थंडी लागायला सुरुवात झाली की पेरायला घ्यावं आणि थंडी ओसरायच्या महिनाभर आधी शेवटची पेरणी करावी. जिथे हिवाळ्यात माती गोठते तिथे हंगाम दोन: वसंतात माती कामाला येण्याजोगी झाली की एक, आणि उन्हाळा उतरल्यावर दुसरा. दोघांतला दुसराच चांगला, कारण तेव्हा दिवस लहान होत जातात. लांब दिवस हा मुळ्याला फुलावर येण्याचा इशारा असतो. उन्हाळ्याकडे सरकणाऱ्या दिवसांत पेरलेला मुळा चांगली माती, चांगलं पाणी मिळूनही दांडा काढतो तो यामुळेच.

बी किती दिवसांत उगवेल हेही मातीच्या उबेवर ठरतं. माती २० ते २५ अंश असेल तर चार दिवस पुरतात. १५ अंशांना सहाएक दिवस, १० अंशांना अकराच्या घरात. त्यामुळे थंड मातीत पेरून पाचव्या दिवशी ‘बी खोटं निघालं’ म्हणत वाफा उकरू नका.

उष्णता सोसणाऱ्या जातीही असतात. गरम दिवसांत पेरायचंच असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. पण अशा मुळ्याकडून थंडीतल्या मुळ्याची चव मागू नये.

आणि सगळं बी एकदम संपवू नका. पन्नास मुळे एकाच आठवड्यात तयार झाले तर निम्मे जमिनीतच जून होतात. दर ८ ते १० दिवसांनी वीतभर ओळ पेरत गेलात तर हंगामभर पुरवून पुरवून मिळतात.

जागा आणि माती

दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. मुळा सावलीत मरत नाही, तिथेच नवखा फसतो. तो जगतो, हिरवागार दिसतो, पण ऊन शोधायला सगळा जोर पानांत घालतो.

मातीची तयारी म्हणजे मुख्यतः अडथळे काढणं. मूळ खाली जाताना खडा, ढेकूळ, काडी, जुन्या झाडाचा मुळखंड लागला की त्याला फाटे फुटतात. छोट्या मुळ्यासाठी वीतभर आणि लांबासाठी हातभर खोल माती खणा, ढेकळं हाताने फोडा, खडे वेचा. खणताना वाफसा पाहून घ्या: माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. चिखल असताना खणली तर ती वाळून विटेसारखी होते आणि सगळे कष्ट वाया जातात. जमीन चिकण असेल तर वर १५-२० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यात पेरणं सोपं पडतं. पाण्याचा निचराही होतो.

खताचं काम थोडं नाजूक आहे. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट चौरस मीटरला ३-४ किलो, मातीत नीट मिसळून, एवढं पुरे. अर्धकच्चं शेणखत मुळीच नको, त्याने मुळं फाटतात आणि जमिनीतल्या किडींचंही फावतं. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत तर बाजूलाच ठेवा. नत्र पानांना फुगवतं, आणि आपल्याला पालेभाजी पिकवायची नाही. मागच्या पिकाला भरपूर खत दिलेलं असेल तर मी मुळ्याला वेगळं काही घालतच नाही.

कुंडीसाठी बागेतली माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या भागांनी मिसळा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत छोटे मुळे १५ ते २० बसतात, लांब फक्त चार-पाच. तळाला भोकं आहेत ना, आणि ती बुजलेली नाहीत ना, हे भरण्याआधी बघून घ्या.

पेरणी

मुळा जिथे वाढणार तिथेच पेरायचा. ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवायची पद्धत इथे चालत नाही. हलवताना मुख्य मुळाचं टोक दुखावतं, आणि आपल्याला तर तेच हवं असतं.

बी भिजवायची गरज नाही. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. बोटाने किंवा काडीने १ सेंटीमीटर खोल रेघ ओढा. लांब जातींसाठी दीड सेंटीमीटर. दोन बियांत छोट्या मुळ्यासाठी दोन-अडीच सेंटीमीटर आणि लांबासाठी पाच सेंटीमीटर अंतर ठेवत बी एकेक करून टाका. बी हाताळण्याइतकं मोठं असतं, तेव्हा चिमटीने विखरण्यापेक्षा मोजून टाकायला पाच मिनिटंच जास्त लागतात, आणि पुढे विरळणीचा अर्धा त्रास वाचतो. दोन ओळींत छोट्यांसाठी १५, लांबांसाठी ३० सेंटीमीटर. वरून भुसभुशीत माती लोटून तळहाताने हलकेच दाबा. मग झारीने, पाईपने नव्हे, पाणी द्या. पाईपच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथे मुळ्याची झुंड उगवते.

गाजर लावणार असाल तर त्याच ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकून बघा. गाजर उगवायला दोन-तीन आठवडे घेतं. तोवर मुळा उगवून ओळ कुठे आहे ते दाखवतो, आणि गाजराला जागा लागायच्या सुमारास उपटूनही झालेला असतो.

विरळणी, म्हणजे सगळ्यात अवघड काम

अवघड ते हाताला नाही, मनाला. उगवून सहा-आठ दिवस झाले की बदामाच्या आकाराच्या दोन पहिल्या पानांमधून खरखरीत, दातेरी असं तिसरं पान डोकावतं. ते दिसलं की त्याच दिवशी विरळणी करा. छोट्या मुळ्यांत दोन रोपांमध्ये ४-५ सेंटीमीटर अंतर राहू द्या. लांब मुळ्यांची विरळणी दोनदा: आता पाच सेंटीमीटरवर, आणि दहा-बारा दिवसांनी १० ते १२ सेंटीमीटरवर. डायकॉनसारख्या जाडजूड जातींना १५.

ही घाई कशासाठी? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बीजपत्रांच्या, म्हणजे त्या पहिल्या दोन पानांच्या, खालची दांडी आणि मुळाचा वरचा भाग जाड व्हायला लागतो. छोट्या गोल मुळ्यात आपण ज्याला मूळ म्हणून खातो, त्यातला बराचसा भाग खरं तर ही दांडीच असते. ती फुगू लागण्याच्या वेळी शेजारच्या रोपाची पानं डोक्यावर आणि मुळं पायाशी आली की ती फुगतच नाही. महिन्याने उपटून जागा मोकळी केली तरी तो क्षण परत येत नाही. माझ्या सुतळ्यांचं कारण एवढंच होतं.

जास्तीची रोपं ओढून काढू नका, शेजारच्याची मुळं हलतात. छोट्या कात्रीने मातीलगत कापा. कापलेली रोपं खाता येतात, हलकी तिखट लागतात. त्यामुळे वाया गेल्याची हळहळही राहत नाही. राहिलेली रोपं लवलवत असतील, आडवी पडत असतील, तर दांडीभोवती चिमूटभर माती सारून आधार द्या.

पाणी

माती सतत ओलसर, पण कधीच चिकचिकीत नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला ओल लागली नाही तर पाणी द्या. जमिनीतल्या वाफ्याला थंड दिवसांत दोन-तीन दिवसांनी एकदा पुरतं, कुंडीला बहुतेक वेळा रोज. कोरडं पडू देऊन मग एकदम पोटभर पाजणं ही सगळ्यात वाईट सवय. बाहेरची साल तोवर आखडलेली असते, आतला गर पाण्याने झपाट्याने फुगतो आणि मुळा उभा तडकतो. चार दिवस बाहेर जायचं असेल तर ओळींमध्ये वाळलेल्या पाल्याचा किंवा गवताचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर पसरा. तसा तो एरवीही असलेला बरा. माती गार राहते आणि तणही कमी येतं. जे तण येईल ते लहान असतानाच हाताने काढा. खुरपं चालवायचं तर अगदी वरवर.

लांब मुळे पोसताना मातीच्या वर डोकं काढतात. उघडा भाग उन्हाने हिरवा पडतो, म्हणून आठवड्यातून एकदा बुडाशी मातीची भर द्या. गोल मुळे अर्धे बाहेर आले तर त्यांना तसंच राहू द्यावं, ते त्यांचं रूपच आहे.

काही बिघडलं तर

पाला भरपूर आणि खाली काही नाही, ही तक्रार दहांतल्या सात नवख्यांची असावी असा माझा अंदाज. अशा वेळी आधी दोन रोपांतलं अंतर बोटांनी मोजा. ते तीन बोटांपेक्षा कमी असेल तर शोध तिथेच संपला. अंतर ठीक असेल तर ऊन किती तास येतं ते बघा. तेही ठीक असेल तर खत आठवा. या तिन्हीत काही सापडलं नाही तर मग हवा गरम आहे, आणि त्यावर पुढच्या हंगामाची वाट पाहण्यापलीकडे उपाय नाही.

फाटे फुटले तर खडे, ढेकळं किंवा कच्चं खत. आतून भेंडासारखा पोकळ निघाला तर बहुतेक उपटायला उशीर झाला. जिभेला झोंबेल इतका तिखट झाला तर पाणी कमी पडलं किंवा ऊन जास्त झालं. मधोमध तपकिरी डाग पडून गर कडक लागत असेल तर मातीत बोरॉन कमी असू शकतं. पण बोरॉन चिमूटभर जास्त झालं तरी झाडाला विषासारखं असतं, म्हणून माती तपासल्याशिवाय ते घालू नका. कंपोस्ट वाढवणं हा सुरक्षित मार्ग.

पानांवर टाचणीने टोचल्यासारखी असंख्य भोकं दिसली तर पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे आलेले आहेत. मोठं रोप त्यांना फारसं जुमानत नाही, पण पहिल्या दहा दिवसांत ते रोप खलास करू शकतात. यावर फवारणीपेक्षा जाळी चांगली. पेरणीच्या दिवशीच वाफ्यावर बारीक विणीची जाळी कमानींवरून ताणून कडा मातीत दाबा. मुळ्याचं मूळ पोसायला फुलं-मधमाश्या काही लागत नाही, त्यामुळे जाळी शेवटपर्यंत राहिली तरी बिघडत नाही. थंड प्रदेशांत मुळ्यात बोगदे पाडणाऱ्या माशीच्या अळ्यांनाही हाच उपाय. अळ्या आत शिरल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

काळपट-हिरव्या अळ्या पानं खाताना दिसल्या तर सकाळी हातानेच वेचा. हात लागताच त्या वेटोळं करून खाली पडतात, म्हणून पानाखाली साबणाच्या पाण्याची वाटी धरावी. मावा पानांच्या खालच्या बाजूला दाटी करतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो बराचसा धुऊन जातो. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब सौम्य द्रवसाबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. नंतर काही दिवस पाला खायला काढू नका.

मुळा हा कोबी, फ्लॉवर, मोहरी, नवलकोल यांच्या कुळातला. यांची दुखणी सारखीच, त्यामुळे यांतलं एखादं पीक जिथे नुकतंच येऊन गेलं त्या मातीत मुळा पेरू नये. तीन वर्षांचं अंतर राखलं तर उत्तम. कुंडी असेल तर माती बदलली की झालं.

उपटायचं केव्हा

पाकिटावरच्या दिवसांच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज पाहायला लागा. पानांच्या बुडाशी माती बोटाने बाजूला करा. छोट्या मुळ्याचा खांदा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद दिसला की तो तयार. मोठा होऊ दे म्हणून ठेवाल तर मोठा होईल, पण कापसासारखा. लांब मुळे थोडी सवलत देतात, थंडीत आठ-दहा दिवस जमिनीत राहिले तरी बिघडत नाहीत.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी, ऊन चढण्यापूर्वी काढा. पाला अगदी बुडाशी एकत्र धरून सरळ वर ओढायचं. लांब मुळा हट्टाला पेटला तर बाजूने खुरप्याने माती सैल करा. जोर लावलात की मधोमध मोडतो आणि उरलेला अर्धा खालीच राहतो.

काढल्याबरोबर पाला वेगळा करा, मुळ्यावर बोटभर देठ ठेवून. पाला लागून राहिला तर तो मुळ्यातलंच पाणी ओढत राहतो आणि दुपारपर्यंत मुळा मऊ पडतो. पाला एक-दोन दिवसांतच वापरावा. मुळे ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले तर छोटे आठवडाभर सहज, लांब त्याहून बरेच जास्त टिकतात.

ज्यांना दांडा आलाच, त्यांतले चार-पाच तसेच राहू द्या. पांढरी किंवा फिकी जांभळी, चार पाकळ्यांची फुलं येतील, त्यांवर मधमाश्या येतील आणि मागून डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. त्या कोवळ्या असताना खायच्या. जून झाल्या की तंतू चघळत बसावं लागतं. बी धरायचं असेल तर एकच झाड ठेवून भागत नाही, कारण मुळ्याला बहुधा स्वतःचा पराग चालत नाही, शेजारचं झाड लागतं. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याच्या बियांतून आईसारखा मुळा येण्याची खात्री नाही, तेव्हा ती मेहनत साध्या जातींसाठी राखावी. शेंगा झाडावरच वाळून गवताच्या रंगाच्या होऊ द्या. मोहरीच्या शेंगेसारखी मुळ्याची शेंग आपोआप तडकत नाही, त्यामुळे बी सांडून जाईल ही भीती नाही. वाळलेल्या शेंगा कापडी पिशवीत घालून लाटण्याने ठेचाव्या लागतात. बी आणखी चार-पाच दिवस सावलीत वाळवून, जातीचं नाव आणि वर्ष लिहिलेल्या कागदी पाकिटात, कोरड्या गार जागी ठेवा. चार वर्षं तरी ते उगवतं.